तीन बाटल्या, एक मडकं

त्या रविवारी सकाळपासून मी घरभर वास घेत फिरत होते. हिंगाची डबी, कापूर, नवऱ्याचा दाढीचा साबण. सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. तापातून उठल्यापासून नाक गेलं होतं, आणि माझी नोकरी नाकावरच चालते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात सरबतांत, औषधांत घालायचे वास तयार होतात. मी हुंगून 'पास' म्हटल्याशिवाय मालाचं पिंप हलत नाही. रजा संपली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. नवरा म्हणाला, "येईल गं, घाई कसली?" त्याला कसली घाई असणार, नाक माझं गेलं होतं.

दुपारी धाकटा दीर जेवायला येणार होता. तो मालवाहू जहाजावर असतो. या खेपेला त्याने पोर्तुगालच्या रेड वाइनच्या तीन बाटल्या आणल्या होत्या आणि फोनवर त्यांचंच पुराण लावलं होतं. लोक फ्रान्स-इटलीच्या मागे धावतात, पोर्तुगालला कोणी विचारत नाही. तिथले जुने मळेवाले वेगवेगळ्या जातींची द्राक्षं एकाच मळ्यात मिसळून लावतात, एकत्र तोडतात, एकत्रच आंबवतात. एक जात रंग देते, एक आंबटपणा, एक वास. मी तासगावची. आमच्या द्राक्षबागेत भलत्या जातीचा एक वेल निघाला तरी वडील तो उपटून टाकत.

पण माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. एक बाटली उत्तरेच्या नदीखोऱ्यातली, एक मधल्या डोंगरातली, एक दक्षिणेच्या तापत्या सपाटीवरची. तिन्हींचे वास अगदी वेगळे, असं तो छातीठोकपणे सांगत होता. मला त्यांतला फरक कळला, तर नाक परत आलं असं समजायचं. नाही कळला तर काय, इथे माझा विचार अडत होता.

दीर आला. बाटल्या उघडून "जरा हवा लागू दे" म्हणाला आणि दोघे भाऊ मटण आणायला बोईसरच्या बाजारात गेले. मी स्वयंपाकघरात मसाला वाटत होते, तोही अंदाजानेच. बाहेर आले तर रिकाम्या बाटल्या धुऊन मोरीत उलट्या ठेवलेल्या. सासूबाईंनी पाण्याचं मडकं रिकामं करून तिन्ही बाटल्या त्यात ओतल्या होत्या, फडक्यातून गाळून. मडक्याचं तोंड बांधून ते पाण्याच्या घमेल्यात बसवलं होतं.

सासूबाई जवळच्याच दांडी गावच्या, जन्मभर ताडी पाहिलेल्या. "उघडी टाकून गेले. उन्हात आंबली असती," त्या म्हणाल्या. "आमच्यात धा झाडांची ताडी येकाच मडक्यात येते. येगळी कोण पितो?"

मला रडूच आलं. त्यांना वाटलं, वाइन महाग होती म्हणून.

दिराने आधी कपाळाला हात लावला, मग हसत सुटला. स्टीलच्या पेल्यांत ओतून म्हणाला, "वहिनी, नाक तुमचं. सांगा काय काय आहे यात."

मी पेल्यात नाक घातलं. काही नाही. जिभेला आंबट लागलं, तुरट लागलं, बस. सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी बोलायला लागले. पिकलं जांभूळ, म्हटलं. काळी मिरी. मागून थोडा धूर.

"अगदी बरोबर," दीर मांडी थोपटत म्हणाला. "धूर त्या दक्षिणेच्या बाटलीचा."

"बघ, आलं ना नाक?" नवरा म्हणाला.

मी काहीही म्हटलं असतं तरी त्या मडक्यात कुणाला ना कुणाला ते सापडलंच असतं. उद्या कारखान्यातही हेच चालेल. मी 'पास' म्हणेन, पिंप हलेल, लहान मुलांच्या औषधात जाईल, आणि माझ्या शब्दावर कोणी शंका घेणार नाही. नाक गेल्याची भीती वाटत होतीच, पण आता मला माझ्या तोंडाची जास्त भीती वाटली.

मी उठून गॅलरीत गेले. पाठोपाठ सासूबाई आल्या.

"तुला वास येतो का गो?" त्यांनी हळूच विचारलं. "मगाशी भाजी करपली, तू बाजूलाच व्हतीस."

मी कठड्याला धरून उभी राहिले. "नाही येत, आई."

"मग उद्या सायबाला काय सांगशील?"

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आता मला सांगितलंस तेच सांग."