बॉनेटपुढचं मेक्सिको

कैलाशचा मला जितका राग येतो तितका दुसऱ्या कोणाचा येत नाही. बायकोचाही नाही. आणि तरी त्याच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की पहिला मीच अंगावर धावून जातो.

अर्जुनी मोरगावच्या बकाराम सेठच्या धुमाल पार्टीची गाडी मी चालवतो. गाडीवर स्पीकरची भिंत, वर कॅसिओवाला, पॅडवाला, ढोलवाला, आणि पुढं अख्खी वरात धूळ उडवत नाचते. मी पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, नाचणाऱ्यांच्या चालीनं गाडी नेतो. मुलीच्या दारी पोचेपर्यंत माझा डावा पाय माझा राहत नाही. या सगळ्या वेळात मला काचेतून दिसते ती कैलाशची पाठ. वर त्याच्यासाठी जागा नाही, म्हणून तो बॉनेटपुढं चालत ट्रम्पेट वाजवतो.

सेठच्या वडिलांच्या काळात हा ब्रास बँड होता. लाल कोट, डोक्यावर तुरे, ट्रम्पेटवाल्यांची रांग. त्या रांगेत कैलाशचा बाप होता. मग धुमाल आलं आणि रांग पांगली. कोणी राइस मिलमध्ये लागला, कोणी नागपूरला सिक्युरिटीत. कैलाश तेवढा चिकटून राहिला. धान रोवण्याच्या दिवसांत बांध्यांत वाकायचं, आणि लग्नसराई लागली की बापाचा ट्रम्पेट चिंचेनं घासून निघायचं. इथवर सगळं ठीक होतं. मग त्याला मोबाइलमध्ये मेक्सिको सापडलं.

ट्रम्पेटचे धडे शोधता शोधता तो तिथं पोचला. कुठल्या तरी गावातलं लग्न, मोठाल्या टोप्या, छोट्या गिटारी, व्हायोलिनं, ट्रम्पेट, आणि लाकडी फळीवर टाचा आपटत नाचणाऱ्या बाया. त्याच्या खाली दुसरा व्हिडिओ होता. तेच गाणं, पण शहरातल्या पोरांचं, इलेक्ट्रिक गिटार आणि बेस लावून. कैलाश त्या पोरांसाठी वेडा झाला. मला गाडीत बसवून दोन्ही व्हिडिओ ऐकवायचा.

"आयक. सहा मात्रा हायत. आधी तीन-तीन मोजते, मग दोन-दोन-दोन. बुढ्यांनं जसं मोजलं तसंच हे पोट्टेही मोजून राहिले. गिटार नवी आणली, पन मोजनी नाही सोडली. आपल्याकडं का झालं? नवं आलं तं जुनं उचलून फेकलं."

"मग तू का करतो म्हणतोस?"

"मी धुमालवर ट्रम्पेट नेतो. तेही नवंच होईल ना!"

भाषा त्याला एका अक्षराची कळत नव्हती. पण इटियाडोहच्या कालव्याच्या पाळीवर बसून त्यानं एकच गाणं पाच वर्षं घोटलं. पाच वर्षं! त्याची बायको, शामकला वहिनी, म्हणायची, एवढ्यात माणूस पेटी शिकून भजनी मंडळात मानानं बसला असता. खरंच होतं तिचं. पण कैलाशला भजनात बसायचं नव्हतं. बॉनेटपुढं एकदा ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचं, लोकांनी ऐकायचं, आणि कोणीतरी विचारायचं, बा, हे कोणतं गाणं? एवढंच त्याला हवं होतं.

पहिल्या लग्नात त्यानं सुरू केलं आणि नाचणाऱ्यांचे पाय थांबले. सहा मात्रांवर कमरेचं काय करायचं ते कोणाला कळेना. नवरदेवाचा भाऊ दातओठ खात पुढं आला.

"का वाजवून राहिला बे? वरातीत आलो का मयतीत?"

दुसऱ्या लग्नात तेच. तिसऱ्यात कोणीतरी त्याच्या तोंडापुढचा ट्रम्पेट हातानं खाली केला. मी काचेच्या आत बसून शिव्या घालत होतो. त्यांनाही, कैलाशलाही. कायले तोच तो दगड डोक्यात घालून घेतोस? असं म्हटलं की तो नुसता हसायचा. ते हसणं बघून माझी आणखी सटकायची.

मग एका दुपारी गाडी सजवताना कैलाश ते वाजवत होता आणि आमच्या ढोलवाल्या लखननं सहज काठी उचलली. लखन नवेगाव बांधच्या अलीकडच्या गावचा, गोंडाचा पोरगा.

"हे तं मले येते," म्हणाला, आणि त्यानं असा काही ठोका धरला की ट्रम्पेट उचलल्यासारखा झाला. तीन-तीन, दोन-दोन-दोन, सगळं बरोबर. कैलाशचे डोळे भरले. खोटं का सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. हा ठोका तू कुठं शिकलास, हे मात्र आम्ही दोघा शहाण्यांनी त्याला विचारलं नाही.

पुढच्याच हप्त्यात लखनच्या गावात लग्न निघालं. वरात मांडवासमोरच्या आखरापाशी, गुरांच्या मोकळ्या मैदानाशी आली, कैलाशनं सुरू केलं, लखननं ठोका दिला, आणि मांडवाच्या दारातली इतवारीबाई, लखनची मोठी आई, गदागदा हलायला लागली. केस सुटले. तिनं एक आरोळी मारली आणि वरात जागच्या जागी बसली. लोकांनी हात जोडले, कोणी पाण्याचा तांब्या आणला, कोणी राळ जाळली. लखनचा चेहरा पांढरा पडला. तो ठोका त्यांच्या पेनाचा, म्हणजे गोंडांच्या देवाचा होता. देवाला बोलवायचा ठोका, पूजेशिवाय वाजवायचाच नसतो. त्याला वाटलं होतं, गाणं परदेशचं आहे, त्याच्यासोबत चालून जाईल.

मला वाटलं आता मार खातो. पण गावकऱ्यांनी आम्हाला जेवू घातलं. पेन बिनबोलावता लग्नात आला, म्हणजे जोडा भाग्याचा! ती बातमी गावोगाव गेली आणि सुपाऱ्या यायला लागल्या. ते देवाचं गाणं वाजवता ना जी? मग नक्की.

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. कैलाश चिडून लाल झाला. प्रत्येक गावात तो सांगायचा, "देवाचं नाही जी, मेक्सिकोचं हाय. लग्नातलं गानं हाय तिकडचं." लोक मान हलवायचे आणि विचारायचे, "पेन कोणत्या कडव्याले येते?" आता आधी पूजा व्हायची, मग लखन काठी उचलायचा, आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजायचं. ऐकत कोणीच नव्हतं. कोणाच्या अंगात येतं ते पाहायला सगळे बायांच्या चेहऱ्यांकडं बघत उभे राहायचे.

बकाराम सेठ मात्र ऐकत होता. त्याचा मुलगा नीलेश कॅसिओ वाजवतो. सेठनं सांगितलं आणि नीलेशनं कैलाशचा ट्रम्पेट सुरासुरानं रेकॉर्ड करून कॅसिओत भरला. कैलाशनं मोठ्या हौसेनं फुंकून दिला. त्याला वाटलं, पोरगा शिकतो आहे! दिवाळीच्या तोंडावर सेठनं बोलावून सांगितलं.

"कैलाश, ये साल तू आराम कर. नीलेश बटनावर वाजवते ना."

"मशीननं देव नाही येत, सेठ."

"कोन म्हन्ते?"

"मी म्हन्तो. माह्या फुकीनं येते तो."

इतके दिवस देवाचं नाही म्हणून भांडणारा माणूस, आणि आता हे बोलला. मी कपाळावर हात मारून घेतला. देव ढोलावर येतो हे शेंबड्या पोरालाही समजलं असतं. पण त्याचं तोंड बघून माझ्यानं बोलवेना. सेठ हसून म्हणाला, "दिवाळी झाली का लखनच्या गावची मंडईची जत्रा हाय. तेथं पाहू. नाही आला देव, तं तू पार्टीत. आला, तं मग तूच समज."

मंडईला चिक्कार गर्दी होती. देवाची पूजा झाली, पुजाऱ्यानं लखनला ठोक्याची परवानगी दिली. इतवारीबाई पारावर डोळे मिटून बसली होती. कैलाश माझ्या गाडीच्या दाराला टेकून उभा. हात रिकामे, मुठी आवळलेल्या.

नीलेशनं सूर दाबला. कैलाशचाच ट्रम्पेट स्पीकरमधून निघाला, जरा जास्तच गुळगुळीत. इतवारीबाई हलली नाही.

"नाही येत," कैलाश पुटपुटला. "पाह्य, नाही येत."

लखनची काठी ढोलावर पडली. बाईची मान एकदा डावीकडं गेली, एकदा उजवीकडं, आणि ती ताडकन उभी झाली. गर्दीनं आरोळी दिली. सेठनं वळून आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गरजच नव्हती.

देव आला की लोक रांगेनं पुढं जाऊन गाऱ्हाणं घालतात. कोणाची म्हैस, कोणाची नोकरी. मी कैलाशचा दंड धरला होता, पण तो झटका देऊन सुटला आणि रांग मोडून पारासमोर जाऊन उभा राहिला. मी गाडी तशीच सोडून त्याच्यामागं धावलो.

"माय, एक सांग," तो ओरडला. "हे गानं कोनाचं हाय?"

इतवारीबाई घुमत होती. तिनं डोळे अर्धे उघडले.

"आमचं."

"नाही माय! मी आनलं ना ते. पाच वर्सं फुकलो. लय दुरून आनलं."

"आमचंच हाय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "जुनं हाय. तू कोन?"

कैलाशनं तोंड उघडलं. मी वाट पाहत होतो, आता तरी सांगेल, ट्रम्पेटवाला आहे म्हणून. त्याचे रिकामे हात ट्रम्पेट धरल्यासारखे तोंडाशी गेले. मागच्या बाईला मुलीच्या लग्नाचं विचारायचं होतं, तिनं त्याला कोपरानं बाजूला केलं.