साखरपुडा कुणाचा

गेल्या थंडीत मला मेंदूचा लहानसा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. थोड्याच दिवसांत घरी आलो तेव्हा बायकोला वाटलं, सुटलो एकदाचे. मलाही तसंच वाटलं होतं.

डॉक्टरबाईंनी स्कॅनवर मेंदूच्या मधोमध, थॅलॅमसमधला एक ठिपका दाखवला. प्रसंगाची आठवण गुंफली जाते हिप्पोकॅम्पसमध्ये, तिथून काही वाटा थॅलॅमसमधून पुढे मेंदूच्या वरच्या थराकडे, कॉर्टेक्सकडे जातात आणि त्यातली एक माझ्या डोक्यात तुटली आहे, असं त्यांनी हिंदीत समजावलं. जुनं बरंचसं शाबूत राहील, नवीन नीट बसणार नाही, आणि कुठली गोष्ट कधीची, कुणाची, यात घोटाळे होतील. "आपको शक भी नहीं होगा," त्या म्हणाल्या, "मुश्किल यही है." मी मान हलवली. आयुष्यभर दिल्लीतल्या मंत्रालयाच्या फायली तोंडपाठ ठेवलेला माणूस मी. मनात म्हटलं, हे बाकीच्यांचं असेल.

धाकटी बहीण नोएडात आमच्या शेजारच्याच सेक्टरमध्ये राहते. मेहुणे गेल्यापासून तिच्याकडे वडीलधारा मीच. भाचीनं आपल्या ऑफिसातला पुण्याचा मुलगा पसंत केला होता आणि त्याचे आईवडील पहिल्यांदाच घरी यायचे होते. निघताना बायको म्हणाली, "तुम्ही जरा कमीच बोला हं." मला रागच आला. बहिणीनं मात्र फोनवर बजावलं होतं, दादा हवाच.

माणसं साधी, हसरी होती. साबुदाणा वडे झाले, चहा आला. मुलाची आई गमतीनं म्हणाली, "इतकी गोड मुलगी आमच्यासाठी कशी काय राहिली?"

"राहिली कुठली?" मी म्हणालो. "साखरपुडा झाला होता की तिचा. मग मोडला."

मुलाच्या आईनं हातातला कप खाली ठेवला.

"मामा, यार, कुणाचं सांगतोयस?" भाची हसत म्हणाली.

ही विसरलीच कशी, याचंच मला नवल वाटलं. "तुझंच. अबोली साडी नेसली होतीस. आर. के. पुरमच्या क्वार्टरसमोर कनात लावली होती. तू नोकरी सोडणार नाही म्हणालीस म्हणून त्यांनी मोडलं आणि ती साडी परत न्यायला माणूस पाठवला. बाबांनी स्वतः घडी घालून दिली. तू न्हाणीघरात नळ सोडून बसलीस." मला नळाचा आवाज ऐकू येत होता. दार उघडून बाहेर आलेला चेहरा भाचीचाच होता, केस ओले.

बहीण ट्रे घेऊन दारात उभी होती. "आजारपणापासून दादाचं असं होतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा ठेवला होता तिनं. पण भाची आता हसत नव्हती, आईकडे बघत होती. माझ्या वडिलांचं दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर तिच्या जन्माआधीच सुटलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

बायकोनं मला दंडाला धरून उठवलं. गाडीत म्हणाली, "अहो, ती तुमची बहीण होती. पोरीला तिनं आजवर सांगितलं नव्हतं." आमच्या लग्नानंतर मीच ही गोष्ट बायकोला विश्वासानं सांगितली होती. तरी मी घरी पोचेपर्यंत तिच्याशी भांडलो. लिफ्टमध्ये शिरलो आणि एकाएकी तो ओला चेहरा बहिणीचा झाला, तिच्या तरुणपणीचा. तोंडावर हात धरून मी तसाच उभा राहिलो. आमचा मजला आला तरी पाय बाहेर पडेना.

सकाळी उठलो तर पाहुणे, वडे, बोलणं, सगळं पुसट झालं होतं. लाज मात्र जशीच्या तशी होती, आणि ती कशाची हे कळत नव्हतं. बायकोला विचारलं. तिला सगळं पुन्हा सांगावं लागलं. असं बरेचदा झालं. दर वेळी मी नव्यानं ऐकायचो आणि नव्यानं मान खाली घालायचो. सांगून सांगून बिचारी थकली, शेवटी मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

बहीण बरेच दिवस फिरकली नाही. मग एका दुपारी आली, माझ्यासमोर बसली.

"पाहुणे गेल्यावर पोरीनं विचारलं. सांगून टाकलं सगळं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आई, मग नोकरी सोडली नाहीस ना? म्हटलं, बिल्कुल नाही."

"आणि ते पुण्याचे?"

"त्यांना काही वाटलं नाही. तुझी तब्येत विचारतात."

आजारी म्हणून सोडून दिलं, तेच मला जास्त लागलं. "माफ कर मला," मी म्हणालो.

"तुझा दोष नाही, कळतं मला," ती म्हणाली. "पण दादा, ते माझं होतं. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते मी ठरवणार होते." तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलेलीही होती. मी तिची समजूत घालायला गेलो नाही. चहा पिऊन ती गेली.

लग्न ठरलं आहे. मी त्यांच्याकडे जातो, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो. भाची कधी जवळ येऊन म्हणते, "मामा, आईची आणखी एखादी गोष्ट सांग ना." मी म्हणतो, आठवत नाही गं. आठवत असतं पुष्कळ. पण ते तिच्या आईचं, तिचं, की माझंच, हे सांगायला आता कुणीतरी शेजारी बसलेलं लागतं, आणि बहीण आत स्वयंपाकघरात असते.