जाहिरात संपेपर्यंत

आम्हा दोघी बहिणींचा एक नियम होता. साडेसातची सिरीयल लागली की मी नागपुरात माझ्या टीव्हीसमोर आणि धाकटी रामटेकला तिच्या टीव्हीसमोर. पहिली जाहिरात लागली की फोन. जाहिराती संपेपर्यंत भांडून घ्यायचं, आणि सिरीयल परत सुरू झाली की ‘सुरू झालं’ म्हणून अर्ध्या वाक्यात फोन ठेवायचा. त्याचा राग धरायचा नाही. आईबाबा गेल्यावर माहेर म्हणून आमच्याकडे उरलं होतं ते एवढंच.

भांडणात मी हार मानत नसे. गांधीबागेत साड्यांच्या दुकानात अर्धं आयुष्य गेलं माझं, नको असलेली साडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारते मी. सिरीयलच्या बाबतीत तर स्वतःला जजच समजायचे. नायिका एवढी रडते तरी नाक लाल होत नाही, म्हणजे सगळं ग्लिसरीन. ती सासू मात्र पक्की, आवाज न चढवता घाबरवते. धाकटी मऊ. तिला सगळ्यांचीच दया यायची. “तिच्या जागी उभी राहून पाह्य ना, ताई,” एवढंच तिचं म्हणणं. मी ते हसण्यावारी न्यायचे.

त्या वर्षी सिरीयलमधला नवरा नायिकेवर हात उचलायला लागला. मी त्या नटावर फिदा. “काय काम करून राहिला वं तो! मारलं, अन् मग स्वतःचाच हात चोळत बसला. असं कोणाले सुचते?”

“असतात असे. मारून झाल्यावर हात चोळणारे,” धाकटी म्हणाली.

“तुले मोठं माहीत,” मी म्हटलं. ती हसली. ते हसणं आता माझी पाठ सोडत नाही.

मग एका संध्याकाळी तिनं जाहिरात लागायच्या आतच फोन केला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. “ताई, आमच्याकडची लाइन गेली, टीव्ही बंद पडला. आज काय झालं, सांग ना.”

मी वैतागले. “थांब, जाहिरात लागू दे,” म्हणून फोन मांडीवर ठेवला आणि पाहत बसले. ती तशीच थांबली, एक अक्षर न बोलता. जाहिरात लागल्यावर मी तिला सांगितलं, नायिका बॅग घेऊन मोठ्या बहिणीच्या दारात उभी आहे, दार अजून उघडलं नाही.

“उघडावं का तिनं?” धाकटीनं विचारलं.

मी रंगातच होते. “काहून उघडावं? दोन खोल्यांचं घर तिचं, नवरा, पोरं. आज हिले ठेवून घेतलं तर उद्या तो दारात येऊन तमाशा करन. लेखकाले अक्कल असन तर परत पाठवन तिले. माहेरी येऊन बसलेल्या बाईची गोष्ट कोण पाहते?”

ती म्हणाली, “हो. तेही आहेच.”

“सुरू झालं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माझं घर दोन खोल्यांचं आहे. मला नवरा आहे, पोरं आहेत. माझ्या तोंडून हे सगळं निघत होतं आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. इतकी बधिर बाई मी दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सिरीयलमधल्या बहिणीनं दार उघडलं. मी जाहिरातीत लेखकाला शिव्या घातल्या. धाकटी म्हणाली, “तू म्हणते तसंच.” त्यानंतर ती भांडलीच नाही. नट चांगला म्हटलं तर चांगला, वाईट म्हटलं तर वाईट. मला वाटलं, सिरीयलचाच कंटाळा आला असेल. पुढे ती सिरीयल संपली, नवी लागली, तरी तिचं आपलं तेच.

दिवाळीनंतर मी रामटेकला गेले. तिचं डावं मनगट वाकडं जुळलं होतं. “मोरीत पडली,” ती म्हणाली. तिचा नवरा समोरच्या खोलीतून हलला नाही, त्यामुळे पुढे बोलणं झालं नाही. निघताना शेजारीण मला फाटकापर्यंत पोचवायला आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “लाइन गेली म्हणून तुम्हाले फोन केला होता ना तिनं? कुठची लाइन गेली होती! बस स्टँडवर बॅग घेऊन बसली होती ती. तुमच्याशी बोलली, अन् मग नागपूरची बस समोरून जाऊ दिली. मीच घरी आणलं. मनगट त्या रातचं आहे.”

घरापर्यंतचा प्रवास मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पहिली जाहिरात लागताच मी फोन केला. “माझं चुकलं वं,” मी म्हटलं. “मले सगळं समजलं. तू ये. आत्ताच्या आत्ता ये, नाहीतर मी येते न्यायले. जागा करू आपण.”



“ताई, तवा मी तुलेच विचारलं होतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग म्हणाली, “सुरू झालं,” आणि तिनं फोन ठेवला.

माझ्या टीव्हीवर जाहिराती अजून चालूच होत्या.