अळंबीतला ‘कचरा’ आणि आमच्या वन्सं

अख्ख्या पनवेलमध्ये अळंबीच्या बाजूने भांडणारं एकच माणूस आहे आणि ते आमच्या घरात राहतं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं. कॉलेजात बॉटनी शिकवून निवृत्त झाल्या, पण त्यांचा राग अजून नोकरीत आहे. बाकीचे लोक महागाईवर, शेजाऱ्यांवर, हायवेच्या खड्ड्यांवर चिडतात. वन्सं चिडतात ‘कचरा’ या एका शब्दावर. अळंबीच्या डीएनएमध्ये काही मजकूर पुन्हा पुन्हा येतो, तोच तो, कितीतरी ठिकाणी. त्यातले काही तुकडे स्वतःची नक्कल काढून दुसरीकडे जाऊन बसतात. जुन्या पुस्तकांनी या सगळ्याला सरसकट कचरा ठरवलं आणि वन्संनी ते कुणीतरी माहेरचा उद्धार केल्यासारखं मनाला लावून घेतलं.

एका लग्नात बुफेच्या रांगेत मागचे गृहस्थ नुसतं म्हणाले, “मश्रूम म्हणजे शेवटी बुरशीच.” वन्सं ताट हातात धरून मागे वळल्या आणि त्यांना या पुनरावृत्तीचं महत्त्व समजावू लागल्या. रांग थांबली. काय झालं ते बघायला केटरर आला, तर त्यालाही पहिल्यापासून ऐकावं लागलं. बाजारात कर्नाळ्याकडून एक बाई अळंबी विकायला येते. तिला वन्सं विचारतात, ही कुठल्या वारुळावरची, शेजारी झाड कुठलं होतं. ती एकदा वैतागून म्हणाली, “बाय, तुमाला खायची हाय का नाय?” वन्सं शांतपणे म्हणाल्या, “खायची नाही, वाचायची आहे.” तेव्हापासून ती बाई आधी माझ्याकडे बघते.

पण हा राग हौसेचा नव्हता. कॉलेज सांभाळून, सुट्ट्या घालवून वन्संनी आठ वर्षं अळंबीवर पीएचडीचं काम केलं आणि त्यात एक अख्खं प्रकरण या ‘कचऱ्या’वर लिहिलं. शेवटी गाईड म्हणाले, “मॅडम, कॉम्प्युटरसुद्धा डीएनए वाचताना हा पुन्हा पुन्हा येणारा भाग झाकून पुढे जातो. एवढं प्रकरण काढा आणि डिग्री घ्या.” वन्संनी विचारलं, “सर, आरतीत ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं म्हणून तुम्ही ते गाळता का?” सरांनी प्रबंधावर सही केली नाही. प्रकरण राहिलं, डिग्री गेली. कॉलेजात वन्संच्या हाताखालची मुलगी विभागप्रमुख झाली. ‘काढून टाका की ते प्रकरण,’ असं मीही एकदा बोलून गेले, तर पंधरा दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

मागच्या हिवाळ्यात ते सर काठी टेकत आमच्या दारात आले. म्हणाले, “आता सगळे त्याच भागावर काम करतात. तुमचं प्रकरण आहे का अजून? मला दिसत नाही नीट. वाचून दाखवाल?”

मी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी. इतक्या वर्षांचं साठलेलं आता बाहेर पडणार. वन्संनी फाईल काढली, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. दोन तास वाचलं. मध्ये सर म्हणाले, “माझं चुकलं.” वन्सं म्हणाल्या, “चहा गार होतोय, सर.”

त्यांना रिक्षात बसवून त्या परत आल्या, तेव्हा मला राहवलं नाही. “वन्सं, काहीच बोलला नाहीत तुम्ही?”

त्या फाईलची नाडी बांधत होत्या.

“किती थकलेत गं ते,” एवढंच म्हणाल्या.