पालखीसाठी नेलेलं घर

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला शूर ठरवायची पाळी कुणावर यायला नको. पुलावर गाडी जरा थांबली तरी मी डोळे मिटून घेतो. असा मी, आणि शिमग्यात, आत झोपायची-रांधायची सोय असलेलं भलंमोठं मोटारहोम घेऊन पोलादपूरच्या डोंगरात चढलो.

दोष माझ्या जिभेचा. कापडे गावाच्या वरच्या वाडीतलं आमचं घर दरड कोसळली तेव्हा मातीखाली गेलं, उरलं फक्त अंगण. आम्ही सगळे मुंबईत होतो म्हणून वाचलो. पण शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते, ती तेव्हापासून आमच्या जागेवरून न थांबता पुढे जायला लागली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घर गेल्याचं जेवढं वाटलं नाही तेवढं याचं वाटलं. होळी जवळ आली की त्यांचं जेवण कमी व्हायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "मग काय घराला चाकं लावून नेऊ?"

आबांनी ते खरं धरलं. गावी फोन करून मानकऱ्यांना विचारलं. मानकऱ्यांनी दोन दिवस खल केला आणि कळवलं, देवीला भिंती लागत नाहीत. आपल्या अंगणाची जमीन, पेटलेली चूल आणि लावलेला दिवा एवढं असलं की घर. झालं! मोटारहोम भाड्याने आणणं माझ्या गळ्यात पडलं. आबांनी ऐंशी ओलांडली होती. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

पहाटे मुंबईहून निघालो. गाडी चालवायला मी, शेजारी बायको आणि मागच्या बाकावर आबा. हायवेला खड्ड्यागणिक मागच्या कपाटातली भांडी वाजत होती आणि दर वेळी मला वाटायचं, काहीतरी तुटलं. दासगावला सावित्री नदी दिसली. आबांनी खिडकीतूनच तिला हात जोडले, मी स्टिअरिंग सोडायला तयार नव्हतो. महाडात चवदार तळ्याच्या मेळाव्याची तयारी चालली होती, निळे झेंडे घेतलेली माणसं गटागटाने चालली होती. तिथे चहा घेतला. निघायचं लांबवायला मी आणखी एक कप मागवला. बायको म्हणाली, "अजून घाट यायचाय." सहानुभूती हा तिचा प्रांत नाही.

पोलादपूरला महाबळेश्वरच्या रस्त्याला वळलो आणि कापड्यापासून वाडीची वाट धरली. त्या वाटेवर रिक्षा आणि जीप एवढंच जातं. डावीकडे दरी, उजवीकडे डोंगर आणि मध्ये आम्ही. बायको खिडकीतून डोकं काढून सांगत होती, "एक हात आहे... अर्धा हात आहे..." मग ती गप्प झाली. ती गप्प झाल्यावर मला खरी भीती वाटली. डोंगराकडे बघायचीही सोय नव्हती. दरड पडली होती ती जागा अजून तांबडी दिसत होती, गवतसुद्धा धड उगवलेलं नव्हतं. हा डोंगर एकदा खाली आलाय, तो माझ्या इंजिनाच्या आवाजानेसुद्धा येईल असं मला वाटत होतं.

शेवटच्या चढाला इंजिन बंद पडलं.

मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली आणि मग सावकाश मागे सरकायला लागली. वीतभर, मग आणखी वीतभर. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिल्यासारखा होतो. मागून दार उघडल्याचा आवाज आला.

"आबा बाकावर नाहीत," बायको म्हणाली.

आरशात बघितलं तर गाडीच्या मागे फक्त पांढरी टोपी दिसली आणि लगेच तीही खाली गेली. आबा मागच्या चाकापाशी वाकले होते. तरुणपणी ते मुंबईत ट्रकवर क्लीनर होते. गाडी मागे यायला लागली की क्लीनरने उडी मारायची आणि चाकाला दगड लावायचा, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. ऐंशीच्या माणसाने असं करू नये, हे सांगणार कोण आणि कधी? सगळं माझ्या पायावर होतं. तो जरा ढिला पडला असता तर मी माझ्या हाताने बापाला मारलं असतं.

दगडावर चाक बसल्याचा धक्का लागला.

"सोड आता पाय," मागून आवाज आला. "हाय मी."

मी उतरलो आणि त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतकं. ते हात झटकत ऐकत राहिले. मी सांगितलं, गाडी इथून एक पाऊल पुढे जाणार नाही. वरून खालूबाजाची ढोल-सनई ऐकू यायला लागली होती. पालखी निघाली होती.

पालखीच्या पुढे, वाट मोकळी आहे का बघायला आलेला एक गाववाला आम्हाला बघून थांबला. "आबा, रस्त्यावर पालखी थांबायची नाय. अंगणात घ्या गाडी," एवढं सांगून तो परत वर पळाला. अंगण पन्नास पावलांवर होतं.

आबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी वाकून तोच दगड पुन्हा उचलायची तयारी केली. "तू चढव. मी पाठनं दगड घेऊन चालतो."

"तुम्ही मागे असताना? अजिबात नाही."

"मग कोण? ही डावी बाजू बघंल का दगड धरंल? चल रे, बाजा जवळ आला."

 बायको जाऊन डाव्या खिडकीत बसली. मी किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं.

त्या पन्नास पावलांबद्दल मला फार लिहिता येत नाही. आरशात एक म्हातारा दोन्ही हातांत दगड घेऊन वाकून चालत होता. मी मोठमोठ्याने रडत गाडी चालवत होतो आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

गाडी अंगणात उभी राहिली. बायकोने शेगडी पेटवली, दिवा लावला. पालखी आली, आमच्या दाराशी टेकली, बायकोने देवीची ओटी भरली. गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. त्याने आबांना विचारलं, "काय मागायचं हाय?"

वाटलं, नातवंडांचं मागतील, नाहीतर नव्या घराचं. आबांनी माझं मनगट पकडलं. त्यांची बोटं गार होती आणि दगडाची माती अजून तशीच होती.

"दुसरं काय नाय," ते म्हणाले. "पोराला वाटतं मी भीत नाय. सांग देवीला, मी लय भ्यालोय. आमाला खाली धड ने, म्हणावं."

गुरवाने ते सगळ्या वाडीसमोर, मोठ्या आवाजात देवीला सांगितलं.