पायाशी आलेलं लिंबू

आज दुपारी भाजीच्या पिशवीतून एक लिंबू निसटलं आणि घरंगळत ह्यांच्या खुर्चीकडे गेलं. ह्यांचा उजवा पाय आपोआप पुढे आला. लिंबू अलगद थांबवलं, आणि मग गुडघा दोन्ही हातांनी धरून हे तसेच बसून राहिले.

हे फुटबॉलमध्ये फॉरवर्ड होते. गोव्याच्या एका क्लबाकडून पगारावर दोन वर्षं खेळले. पुन्हा बोलावणं आलं, त्याच आठवड्यात इथे आमच्या पेठेतल्या तालमीकडून खेळताना गुडघा फिरला. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. तालमीतल्या वस्तादांनी पैलवानाचा ओढावा तसा तेल लावून गुडघा ओढला. म्हणाले, "बसला बघ जागेवर. रविवारी फायनल खेळ मर्दा."

मी दाराआड उभी होते. गुडघा सुजून उशीसारखा झालेला मला दिसत होता. डॉक्टरांना दाखवा, एवढंच म्हणायचं होतं. चार माणसांत तोंड उघडलं नाही.

रविवारी ह्यांनी गोल केला. लोकांनी खांद्यावर बसवून घरी आणलं. उतरवलं तेव्हा पाय जमिनीला टेकेना. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं.

तिशी यायच्या आतच ह्यांचं खेळणं संपलं. पायाला मात्र ते अजून कळलेलं नाही.

"घे, पास दिलाय तुला," लिंबू पायानं माझ्याकडे ढकलत हे हसून म्हणाले.

मी वाकून लिंबू उचललं. दाराआडची गोष्ट ह्यांना अजून सांगितलेली नाही. आजही सांगितली नाही, म्हणून इथे लिहिते.