सहा जनावरं, मालक नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — कुणास ठाऊक.

दुष्काळाचं साल होतं. नांदूरघाटच्या अलीकडे आमच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती आणि मी तिथं संगणकावर बसायचे. कुणाची किती जनावरं, कानातल्या बिल्ल्यांचे नंबर काय, सगळं एका छोट्या डेटाबेसमध्ये. रोज सकाळी त्यातून यादी निघायची. नावापुढं जितकी जनावरं, तितकाच चारा.

घाईत एकच नाव दोनदा चढायचं. मग मी दोन्हीतलं कुठलंही एक पुसायचे, डोळे झाकून. कारण एक सेटिंग मी चालू केली होती — ज्या नावावर जनावरं आहेत, ते नाव संगणक पुसूच द्यायचा नाही. तो अडला की मी दुसरं पुसायचे. तेव्हा ही मला हुशारी वाटायची.

काही सेटिंग एकदा केल्या की फाइलमध्ये कायमच्या बसतात. ही तशी नव्हती. ही प्रोग्रॅम बंद होईपर्यंतच टिकायची, पुन्हा उघडला की पुन्हा चालू करावी लागायची. मी कधी तपासलंच नाही. इन्व्हर्टर होता, प्रोग्रॅम कधी बंद पडला नव्हता. एका दुपारी इन्व्हर्टरनंच मान टाकली. वीज आल्यावर मी प्रोग्रॅम उघडला, भागवतमामांचं नाव दोनदा दिसलं, एक पुसलं. संगणक अडला नाही.

दुसऱ्या सकाळी मामा टेबलापुढं. वरच्या वाडीचे, सहा जनावरांचे मालक, त्यातली एक गाय गाभण.

"बाई, जनावरं हितंच उभी हायेत. माज्यापुढं शून्य कावून?"

मी सेटिंग पाहिली. बंद. सहा बिल्ले होते, मालक कुणीच नव्हता; ज्या नावावर जनावरं होती, नेमकं तेच मी पुसलं होतं. दुरुस्ती दोन मिनिटांची होती. तेवढ्यात चेअरमन आले, काय भानगड आहे म्हणाले. सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. आणि मी — मी म्हणाले, मामांनी जनावरं दुसऱ्या छावणीतही लावली असतील.

दोन छावण्यांचा चारा खाणारा — त्या दिवसांत याहून वाईट काय म्हणणार होतात कुणाला? चेअरमननी सहाही बिल्ले काढून घेतले, म्हणजे छावणीतून बाहेर. मामांनी दावी सोडली आणि ते भर उन्हात वाडीकडं निघाले. हाक मारता आली असती ना? मी सेटिंग चालू केली आणि पुढचं नाव घेतलं.

गाय वाटेत बसली ती उठलीच नाही. पोटातल्या वासरासकट गेली. मला कळलं तेव्हा मी जेवत होते, आणि लाज वाटते सांगायला — ताट संपवलं.

पुढं बाजारात मामा भेटले. सोबतचा माणूस छावणीवरून मला टाकून बोलला, तर मामांनीच त्याला अडवलं.

"बाईला कशाला बोलतो बे? मशिनीत आलं ते तिनं सांगितलं."

मी होकाराची मान हलवली. मशीनमध्ये तसं काहीही आलं नव्हतं. ते मी बोलले होते.